वीतभर

मामीने माझं मनगट धरलं आणि वीतभर बाजूला सरकवलं. झालं ते एवढंच. नवतपा, म्हणजे जेठातले ते नऊ तापते दिवस, संपायला दोन दिवस होते, आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो आणि अंगणाच्या कडेला उकिडवी बसून मी तांब्यातल्या पाण्याने हात धूत होते. पाणी मुरमाड जमिनीवर पडत होतं आणि पडल्या पडल्या नाहीसं होत होतं, ओलसुद्धा धड दिसत नव्हती. मामी मागून आली, वाकली, दोन बोटांत माझं मनगट धरून तिने हात डावीकडे नेला. पाणी आता गुडघाभर उंचीच्या एका लिंबाच्या रोपाच्या आळ्यात पडू लागलं. मग ती खरकटी भांडी उचलून राखेच्या ढिगाकडे गेली. एक शब्द बोलली नाही. इंदूरला परतून आता पंधरा दिवस झाले, पण बेसिनचा नळ सोडला की मनगटावर ती दोन बोटं अजून जाणवतात.

तिच्या स्पर्शात राग नव्हता, म्हणूनच ते मनातून जात नसावं. रागावली असती तर मी ‘चुकलं हो मामी’ म्हटलं असतं आणि विषय संपला असता. त्यातून त्या घरात मी भाणेज. माळव्यात भाचीचा मान काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. साठीकडे झुकलेली मी, तरी अंगणात पाऊल टाकलं की मामा आधी माझ्या पायांना हात लावतात, मी कितीही मागे सरकले तरी. खाटेवर गोधडी माझ्यासाठी, पहिला पेला मला, पानिया, पानांत भाजलेली मक्याची भाकर, चुलीतून निघाला की त्याचा खरपूस भाग माझ्या पुढ्यात. अशा पाहुणीचा हात धरून कोणी हलवत नाही. मामीला ते करावंसं वाटलं, किंवा वाटण्याच्या आधीच तिच्या हातून झालं, याचा अर्थ ते पाणी मातीत वाया जाताना पाहणं तिला पाहुणीच्या मानापेक्षा जड गेलं.

मामा आमचे रक्ताचे कोणी नव्हेत. १९८६ साली बाबांनी राजेंद्रनगरात घर बांधायला काढलं तेव्हा पाया खणायला आलेल्या टोळीत ते होते, विशीतले, पाठीचा कणा वेतासारखा. निमाडात आणि आमच्याकडे भिलांना मामा म्हणायची रीतच आहे, इंग्रजांशी झुंजलेल्या पाताळपाणीच्या टंट्यामामापासून. पण या मामांच्या बाबतीत ते संबोधन हळूहळू खरं झालं. दर शरदात ते सीताफळांची टोपली घेऊन यायचे, फळं पळसाच्या पानांत गुंडाळलेली. बाबा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत आमच्या ओट्यावर झोपले. आईने त्यांच्या लग्नात मामीला हिरवी नऊवारी दिली होती. ती नेसता येत नाही म्हणून मामीने तिची गोधडी शिवली. गेली तीसेक वर्षं उन्हाळ्यात मी त्या गोधडीवर झोपते आहे. आईच्या लुगड्याचा काठ पायाशी येतो.

त्यांचं घर जानापाव डोंगराच्या दक्षिणेकडच्या एका खांद्यावर आहे. आग्रा-मुंबई रस्ता सोडला की आधी डांबर, मग खडी, मग नुसती बैलगाडीची चाकोरी, आणि शेवटचा अर्धा तास पायी. भिलांची वस्ती आपल्यासारखी भिंतीला भिंत लावून नसते. एका टेकाडावर एक टापरा, त्याचं शेत त्याच्याभोवती, दुसरं घर हाकेच्या अंतरावर पलीकडच्या टेकाडावर. हे सगळं मिळून फलिया. मामांच्या घराच्या भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या, आणि छप्पर हाताने थापलेल्या देशी कवेलूंचं, म्हणजे कौलांचं. एका बाजूला शेळ्यांची जागा, दुसऱ्या बाजूला चूल, मध्ये धान्याच्या दोन कोठ्या. मुलं दोन्ही पीथमपूरला कामाला. उन्हाळ्यात तिथे म्हातारा, म्हातारी, सात शेळ्या, एक गाय आणि कोंबड्या एवढाच संसार असतो.

पावसाळ्यात जानापाव पाहिलेल्यांना हा डोंगर जेठात ओळखू येणार नाही. हिरवा रंग जवळजवळ पुसून टाकलेला. सागाची झाडं नागवी, खाली त्यांची पानं एवढी वाळलेली की शेळी चालली तरी कोणी कागद फाडत येतंय असं वाटावं. सालईचं खोड सोलपटून निघालेलं. काळ्या बेसाल्टच्या दगडाला दुपारी बारानंतर हात लावता येत नाही. आणि या सगळ्या करपलेल्या रंगात पळस मात्र गर्द हिरवा, मोठ्या मोठ्या ताज्या पानांनी भरलेला. फाल्गुनात लोक त्याच्या फुलांचे फोटो काढायला येतात, पण पळसाची खरी मर्दुमकी मला जेठातली वाटते. उतारावर एक बहावा होता, पिवळे घोस सोडून उभा. कुड्याला पांढरी फुलं लागली होती, त्यांचा वास संध्याकाळी हवा थांबली की उताराने वर यायचा. खिरणीच्या झाडाखाली सकाळी पिवळी फळं पडलेली असायची. ती खाल्ली की ओठ चिकटतात आणि तो चीक पाण्याने जात नाही, तेल लावावं लागतं.

घरात मोहाच्या डोळीचा, म्हणजे बियांचा, वास भरलेला. मोहाची फुलं चैत्रात वेचून झाली, आता फळं पडत होती. मामी ती फोडून आतल्या बिया कोठीमागे वाळत घालायची, त्याचं तेल वर्षभर पुरतं. छपराच्या उतरत्या बाजूला कैरीच्या फोडी आमचुरासाठी पसरल्या होत्या. दुपारी त्या टोळीतल्या माणसांसारख्या अंग आखडून बसायच्या, आणि त्यांचा आंबट वास तापलेल्या कवेलूंच्या वासात मिसळून घरात उतरायचा. बाहेर लू, आत हा वास आणि काळोख. अकरा ते चार तिथे कोणी काही करत नाही. मामा खाटेवर पालथे, शेळ्या भिंतीच्या सावलीत एका ओळीत, सावली सरकेल तशी ओळ सरकणारी. कोंबड्या चोची उघड्या ठेवून जागच्या जागी. इंदूरला मी कूलरसमोर बसून उन्हाळ्याबद्दल जेवढी कुरकुर करते, त्याच्या शतांशही शब्द मी त्या घरात ऐकला नाही. उलट मामा समाधानाने म्हणत होते, यंदा नवतपा नीट तापतोय. नऊ दिवसांत मध्येच ढग आले, थेंब पडले की ते अस्वस्थ होतात. नवतपा गळला की पाऊस रुसतो, असं तिकडे पक्कं मानतात. मी त्या तापण्याकडे संकट म्हणून पाहत होते, ते पेरणीचा हप्ता भरल्यासारखे.

पाणी कुठून येतं हे मला इतक्या वर्षांत नीट माहीत नव्हतं, हे लिहायला लाज वाटते.

घरात ते असायचं. मातीच्या माठात, पितळी हंड्यात, मी उठायच्या आधी भरलेलं. यंदा पहिल्यांदा मी मामीबरोबर झिरीवर गेले. पहाटे चारला तिने कंदील घेतला नाही, चांदणं पुरेसं होतं. दक्षिणेच्या नाळीत वीस मिनिटं उतरायचं. वाट अशी की पाय टाकायच्या जागा तिच्या पायांनीच झिजवलेल्या, माझं पाऊल त्यात बसत नव्हतं. खाली नाळ कोरडी ठणठणीत, गोटेच गोटे. एका ठिकाणी दगडाचे दोन थर एकमेकांवर बसलेले दिसतात, वरचा काळा कठीण, खालचा लालसर भुसभुशीत. त्या दोहोंच्या सांध्यातून पाणी पाझरतं. पावसाळ्यात डोंगराने जे प्यायलं ते जेठात तिथून असं परत देतो. सांध्याखाली हातभर खोल खड्डा, तीच झिरी. मामीने भोपळ्याची तुंबडी काढली आणि पाणी उचलायला सुरुवात केली. चार-पाच वेळा उचललं की खड्डा गढूळ होतो. मग थांबायचं. तळाशी वाळू हलताना दिसते, बारीक उकळी फुटल्यासारखी, आणि पाणी पुन्हा वर येतं. ती त्या थांबण्यात काहीही करत नव्हती. मी उगाच घड्याळ पाहिलं. एक हंडा भरायला पंचवीस मिनिटं. दोन हंडे डोक्यावर आणि एक कळशी कमरेवर घेऊन ती चढ चढली तेव्हा उजाडलं होतं. पाऊस उतरेपर्यंत दिवसाला अशा तीन फेऱ्या. फलियातला हातपंप चैत्रातच नुसती हवा ओढायला लागतो.

त्या सकाळी परत आल्यावर मला माझा कॅन आठवला. उन्हाळ्यात त्यांच्यावर भार नको म्हणून मी गाडीतून वीस लिटरचा कॅन आणला होता आणि एका मुलाकडून तो वर चढवून घेतला होता. आल्या आल्या मामीने तो दोन्ही हातांनी घेतला, चांगलं म्हणाली, आणि आत ठेवून दिला. प्यायला आम्हाला झिरीचंच पाणी मिळत राहिलं. मी आठवण करून दिली तर म्हणाली, ‘रेवा दो,’ राहू द्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या कॅनचं पाणी शेळ्यांच्या कुंडीत ओतलेलं. आधी मला वाईट वाटलं, माझा चांगुलपणा नाकारल्यासारखं. मग झिरीवर त्या खड्ड्याकाठी बसून वाळू हलताना पाहिली तेव्हा कळलं की भाणेजीला तिचंच आणलेलं पाणी पाजणं हे त्या घराला कधीच जमणार नव्हतं. माझ्यासाठी तिने तीनच्या चार फेऱ्या केल्या होत्या. त्या चौथ्या फेरीचं पाणी मी अंगणात हात धुताना मुरमावर सोडत होते.

झिरीच्या वरच्या अंगाला एका सपाट दगडावर टिटवीची अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नाही, चार-दोन खडे गोल मांडलेले. अंडी चार होती. मामांनी लगेच अर्थ लावला, चार म्हणजे चार महिने पाऊस, आणि जागा उंचावर म्हणजे यंदा नाळ भरून वाहणार. मी त्याच्यापुढची गोष्ट पाहिली. उन्हं चढली तशी मादी उठली, झिरीच्या काठच्या ओलसर चिखलात गेली आणि पोट टेकवून बसली. अंग हलवून हलवून पोटाची पिसं भिजवली. मग धावत परत जाऊन अंड्यांवर बसली. अंडी तापून जाऊ नयेत म्हणून पिसांतून पाणी वाहून नेतात त्या. मी ते आधी वाचलं होतं, पण तिने सकाळी आठ ते दहा अशा सहा फेऱ्या केल्या हे समोर बसून मोजलं. मामी मात्र म्हणाली की म्हणूनच ती खड्ड्याच्या कडेला थोडं पाणी सांडून ठेवते. मुरमावरचा एक थेंब सहन न होणारी ही बाई टिटवीसाठी मुद्दाम पाणी सांडते.

लहानपणी आमच्या रामबागेतल्या वाड्यात पाण्याचा हिशेब आईकडे होता. नळाला पाणी यायचं पहाटे आणि तेही तासभर, धार करंगळीएवढी. ओळीने घागरी लावलेल्या असायच्या, तांब्याच्या आणि पितळी, आणि प्रत्येक घागर कोणाच्या बिऱ्हाडाची हे तिच्या पोच्यावरून ओळखायचं. शहराला तेव्हा यशवंतसागराचं पाणी यायचं, म्हणजे गंभीर नदीचं. विहीर होती, पण मे महिन्यात तिच्यात दोर पुरायचा नाही. आईचा नियम असा की तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं तुळशीला, आंघोळीचं पाणी परसातल्या केळीला. अक्षय्य तृतीयेला ती मातीचा नवा घट पाण्याने भरायची, त्यात वाळा टाकायची, वर आंबा ठेवायची आणि आजोबांच्या नावाने दान द्यायची. दारात मी तो घट धरून उभी राहायचे आणि मातीचा गारवा फ्रॉकमधून पोटाला लागायचा. उन्हाळ्यात मेलेल्या माणसालाही तहान लागत असेल, या कल्पनेने मला त्या वयात रडू यायचं.

मग १९७८ साल आलं. मी बारा वर्षांची होते. १९७० च्या नर्मदा आंदोलनात काका घोषणा देत फिरले होते, त्याच्या गोष्टी आम्ही ऐकत मोठे झालो. आणि एके दिवशी खरंच नळाला नर्मदा आली. आईने नळाला हळदकुंकू वाहिलं. जळूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ, पंपामागून पंप लावून पाणी वांचू पॉइंटपर्यंत चढवायचं आणि तिथून उताराने शहरात आणायचं. एवढा मोठा पराक्रम आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. पण त्याच वर्षात कधीतरी आईचा हिशेब सुटला. एकदम नाही. आधी केळीला आंघोळीचं पाणी जायचं थांबलं, मग केळ गेली, मग वाडाच गेला. राजेंद्रनगरच्या घरात गच्चीवर टाकी बसली. आता एक दिवसाआड पाणी येतं, तरी टाकी भरून वाहायला लागली की मोटर बंद करायला उठेपर्यंत पाच मिनिटं जातात. मामीच्या तीन फेऱ्यांइतकं पाणी त्या पाच मिनिटांत जिन्यावरून रस्त्यावर उतरतं.

‘पग पग नीर’, पावलापावलावर पाणी, ही माळव्याची म्हण म्हणत आम्ही मोठे झालो.

एका रात्री आम्ही अंगणात खाटा टाकून पडलो होतो. साडेदहापर्यंत निमाडाकडून येणारा वारा गरमच होता, जणू खाली कोणी मोठ्या चुलीचं झाकण उघडून ठेवलंय. मग तो पडला, थोडा वेळ काहीच हललं नाही, आणि पठाराच्या बाजूने गार झुळूक आली. माळव्याच्या रात्रीचं एवढं कौतुक का करतात ते या डोंगराच्या धारेवर झोपलं की कळतं, दोन्ही हवा एकाच खाटेवर मिळतात. खाली दूर निमाडातले दिवे, घाटात ट्रकांची सरकती माळ. मामा पडल्या पडल्या छपराकडे बोट करून म्हणाले, या वळचणीचं पाणी चंबळला जातं, त्या वळचणीचं नरबदामाईला. त्यांच्या वडिलांनी टापरा बांधताना मुद्दाम आढं त्या धारेवर धरलं होतं म्हणे, दोन्ही नद्यांना पाणी पोचावं म्हणून.

जानापाववरून साडेसात नद्या निघतात असं या भागात सगळेच म्हणतात. चंबळ इथली, गंभीर इथली, चोरल आणि कारम इथल्या. साडेआठशे मीटरच्या वर उंची असलेला हा एक डोंगर, पण त्याच्या माथ्यावर पडलेल्या दोन शेजारच्या थेंबांपैकी एक उत्तरेला उतरला तर चंबळेतून यमुनेला, गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो, आणि दुसरा दक्षिणेला घरंगळला तर नर्मदेतून अरबी समुद्रात. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द मी पाठ केला होता. तो शब्द एका कवेलूच्या आढ्यावर बसलेला असू शकतो हे कोणी सांगितलं नव्हतं. मी अंधारात त्या आढ्याकडे बघत राहिले. वरच्या ओळीतला एक कवेलू जरा कलला तर थेंबाचा समुद्र बदलणार. पहाटे साडेपाचला नाळीतून नवरंगाची शीळ आली, दोन सुरांची, दुसरा सूर खाली उतरत जाणारा. दक्षिणेकडून इतका प्रवास करून तो पावसाच्या तोंडावर इथे येतो, पिलं वाढवायला. मामा उठून बसले आणि म्हणाले, आला, आता कवेलू फेरायला घेतले पाहिजेत.

परतल्यावर, त्या बेसिनपाशी, मी हा हिशेब पुढे नेला आणि तो मला झोपू देईना. लहानपणी आम्ही गंभीरचं पाणी प्यायलो, म्हणजे मामांच्या डोंगराच्या उत्तरेकडच्या अंगाचं. १९७८ पासून नर्मदेचं पितो, आणि त्यात चोरलचं, दक्षिणेकडच्या अंगाचं पाणी मिसळलेलं. अरबी समुद्राकडे निघालेलं ते पाणी आपण जळूदला अडवतो, पाचशे मीटरच्या आसपास वर चढवतो, डोंगर ओलांडून शहरात आणतो. मी त्यात हात धुते. तिथून ते गटारात, गटारातून खान नदीत, खान क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत. माझ्या हातावरून गेलेल्या पाण्याचा समुद्रच बदलला. मामांच्या वडिलांनी एक आढं नेमकं धरून दोन्ही नद्यांना वाटून दिलं ते, आणि आपण मोटारी लावून रोज एका नदीचं दुसरीत टाकतो, तेही मळवून. नर्मदा आणू नये होती असं मी म्हणणार नाही. ज्यांनी आईची ती करंगळीएवढी धार पाहिली नाही त्यांनी ते खुशाल म्हणावं. पण एवढ्या लांबून, एवढं चढवून आणलेल्या पाण्याखाली हात धरताना आपल्याला काहीच वाटत नाही, मनगट कोणी धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आई असती तर तिने धरलं असतं. तिच्या शेवटच्या वर्षांत ती बेसिनमध्ये हात धुवायला तयारच नसायची, वाडग्यात धुवायची आणि ते वाडगं खिडकीतल्या तुळशीत रिकामं करायची. मी चिडायचे. म्हातारपणाचा हट्ट म्हणायचे.

आमच्याकडे वटपौर्णिमा आली तोवर हिंदीभाषक शेजारणींची वडाची पूजा अमावास्येलाच होऊन गेली होती. दरवर्षीसारखे पंधरा दिवस आम्ही मागे. पौर्णिमेच्या आदल्या रात्री इंदुरात वादळ झालं, वीज गेली, आणि पहिला पाऊस पडला. दोन दिवस थांबून मी पुन्हा वर गेले. एकटीच. कॅन न घेता.

डोंगर अजून हिरवा झाला नव्हता, पण काळा झाला होता, आणि तो काळा रंग पाहून मला हिरव्यापेक्षा जास्त बरं वाटलं. सागाला तळहाताएवढी लालसर कोवळी पानं, चुरगाळली की बोटं लाल होतात. वाटेवर मखमली लाल किडे. मामा छपरावर होते, कवेलू एकावर एक नीट बसवत, आणि खालून त्यांचा नातू फुटके वेचून बाजूला टाकत होता. मुलं सुट्टी काढून आली होती. शेताच्या वरच्या उताराला त्यांनी आणि फलियातल्या दहा-बारा घरांनी मिळून आडवे चर खणले होते. पैसे घ्यायचे नाहीत, हाक मारली की यायचं, याला त्यांच्याकडे हलमा म्हणतात. चरांत पहिल्या पावसाचं गढूळ पाणी थांबलं होतं, घोटाभर. धाकटा मुलगा मला ते दाखवायला घेऊन गेला आणि पीथमपूरच्या बूटासकट पाण्यात उतरून उभा राहिला. झिरीला यंदा फाल्गुनापर्यंत जोर राहील, म्हणाला. टिटवीच्या दगडावर नुसते खडे होते. चार पिलं निघाली की कोणी अंडी नेली, ते मामीलाही सांगता आलं नाही.

दुपारी आभाळ भरून आलं आणि एक चांगली सर पडली. मी ओसरीत उभी राहून दोन्ही वळचणी पाहिल्या. पाणी खरोखर दोन बाजूंना उतरलं. इकडची धार अंगणातून उत्तरेच्या बांधाकडे, तिकडची शेळ्यांच्या कुंपणाखालून नाळीकडे. दोन्ही सारख्याच पिवळसर, दोन्हींत शेळ्यांच्या लेंड्या आणि मोहाची पानं. मामीने घरातली सगळी भांडी काढून वळचणीखाली मांडली, दोन्ही बाजूंना. हंडे, पातेली, माझा तो निळा कॅन वरून कापून केलेली बादली. दहा मिनिटांत सगळी भरली. तिने त्यांच्याकडे पाहून काही म्हटलं नाही, फक्त पदराने तोंड पुसलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. यंदाच्या उन्हाळ्यात मी तिला दिवसा असं उंबऱ्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

जेवणं झाली. मक्याच्या भाकरी, कांदा, आणि त्याच आमचुराची पातळ डाळ. मी तांब्या घेऊन अंगणाच्या कडेला आले. लिंबाचं रोप तिथे नव्हतं. आळं होतं, भोवती बोरीच्या काट्यांचं नवं कुंपण होतं, आणि आत बोटभर खोडाचा तिरका तुकडा, टोकाशी चावलेला. मी गेल्यावर चार दिवसांत शेळीने फस्त केलं, मामीने सांगितलं. आळ्यातली माती ओली होती, आणि ती पावसाने ओली नव्हती, कारण वर मामीने पळसाची फांदी आडवी टाकून ठेवली होती आणि खाली राखेचे, भाताच्या शितांचे डाग दिसत होते. रोज तिथेच हात धुतले जात होते.

‘जड तो जीवती हे,’ मामी म्हणाली. मूळ तर जिवंत आहे.

मला त्या खोडावर कुठे डोळा फुटलेला दिसला नाही. मी खूप जवळ जाऊन पाहिलं. मग काटे जरा बाजूला केले, उकिडवी बसले आणि तांब्या कलता केला. मामी भांडी उचलून माझ्या मागून राखेच्या ढिगाकडे गेली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.